सतरा नंबरचा रस्ता

नॉर्वेच्या मध्यावर स्टाइनशेर नावाचं गाव आहे. तिथून निघालेला सतरा नंबरचा रस्ता किनाऱ्याच्या कडेकडेने साडेसहाशे किलोमीटर उत्तरेला जातो आणि बोडो शहरात संपतो. वाटेत तो सहा वेळा समुद्राशी येऊन थांबतो. डांबर धक्क्याच्या टोकाला संपतं, फेरीबोट येते, गाड्या पोटात घेते, पलीकडच्या धक्क्यावर सोडते आणि त्याच नंबराचा रस्ता पुढे चालू लागतो. पाण्यावरचं अंतरही तिथे रस्त्यातच धरतात. डांबर जसं सरकार राखतं, तशी बोटही राखतं. ज्यांना घाई असते ते आतल्या बाजूचा ई-सिक्स हमरस्ता धरतात. मला घाई नव्हती. जून लागला होता, भाड्याची लहानशी गाडी होती, शेजारच्या सीटवर नकाशा आणि बोटींचं वेळापत्रक होतं, आणि सोबतीला कोणी नव्हतं.

या रस्त्याची ओढ मला फार दिवसांपासून होती, कारण मी कोकणातली आहे. माझी आजी वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीने जायची. आधी मचव्यात बसायचं, मचवा लाटांवर वरखाली होत असताना बोटीवर चढायचं, आणि थेट भाऊच्या धक्क्याला उतरायचं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही तिच्या तोंडी बोटीच्या थांब्यांची नावं होती. मग रस्ते झाले, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. किनाऱ्याने जाणारी बोट त्याच्या आधीच बंद पडली होती. समुद्राकडे दार असलेली आमची गावं पाठीमागच्या रस्त्याकडे बघत जगू लागली. नॉर्वेच्या किनाऱ्यावर रस्ते आले, बोगदे आले, विमानतळ आले, तरी बोट राहिली. ती कशी राहिली, हे मला तिथे जाऊन पाहायचं होतं.

पहिला धक्का होल्मचा. धक्क्यावर माणूस दिसत नाही. जमिनीवर रांगांचे पट्टे आखलेले असतात, त्यातल्या एकात गाडी लावायची आणि इंजिन बंद करायचं. तिकीट काढावं लागत नाही. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल मागाहून येतं. माझ्या पुढे एका सुताराची व्हॅन होती, तिच्या पुढे माशांचं खाद्य नेणारा ट्रक. इथल्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांमध्ये, सॅमन माशांची शेती चालते, त्यामुळे असे ट्रक पुढे जागोजागी भेटले. बोट लागली, पुढची झडप खाली आली, नारिंगी जाकीट घातलेल्या एका मुलीने हाताच्या खुणेने एकेक गाडी आत घेतली. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी पुढे घुसलं नाही. वरच्या मजल्यावर बसायची खोली होती, तिथे कॉफी आणि गरम वॉफल मिळत होते, त्यावर जॅम आणि तपकिरी गोडसर चीज. सुतार माझ्याच टेबलाशी येऊन बसला. त्याचं काम पलीकडच्या गावात चाललं होतं. रोज दोनदा हीच बोट, हीच कॉफी. वेळ जात नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘दिवसातली एवढीच वेळ माझी स्वतःची असते.’’

ब्रॉनॉयसुंड हे वाटेतलं पहिलं मोठं गाव. मोठं म्हणजे वस्ती पाच हजारांच्या आसपास. एका रस्त्यावर दुकानं, धक्का, चर्च, पेट्रोल पंप. मात्र नॉर्वेतल्या प्रत्येक कंपनीची नोंद याच गावात होते. १९८० च्या दशकात राष्ट्रीय नोंदणी कार्यालयं राजधानीत न ठेवता इथे उभी केली गेली, आणि शिकलेल्या तरुण मुलामुलींना गावातच नोकऱ्या मिळाल्या. पर्यटक इथे थांबतात ते मात्र टोरगहाटन डोंगरासाठी. या डोंगराला आरपार भोक आहे, सुमारे १६० मीटर लांब, ३५ मीटर उंच आणि २० मीटर रुंद. इथली कथा अशी : एक घोडेस्वार एका सुंदर मुलीमागे लागला, ती हाती येईना म्हणून त्याने रागाने बाण सोडला, तेव्हा सोम्नाच्या राजाने मध्ये आपली टोपी भिरकावली. बाण टोपीतून गेला, तेवढ्यात सूर्य उगवला आणि सगळ्यांचे दगड झाले. भूगर्भशास्त्र सांगतं ते मला या कथेहून कमी अद्भुत वाटलं नाही. हिमयुगात बर्फाच्या वजनाने इथली जमीन दबलेली होती आणि समुद्र या डोंगराच्या अंगाला भिडत होता. लाटांनी आणि बर्फाने मिळून कातळ कोरला. बर्फ वितळला, ओझं उतरलं, जमीन वर आली. आज त्या भोकात उभं राहिलं की समुद्र शंभर मीटरहून खाली दिसतो. मी तिथे तासभर बसले. पलीकडच्या तोंडातून बेटं दिसत होती, मोजता येणार नाहीत इतकी, बरीचशी पाण्याच्या जेमतेम वर आलेली.

त्या बेटांतच वेगा आहे. सतरा नंबरचा रस्ता तिथे जात नाही. होर्नच्या धक्क्यावरून वेगळी बोट धरावी लागते. वेगा आणि तिच्याभोवतीची बेटं, बेटुकली, खडक मिळून साडेसहा हजार होतात, असं सांगतात. २००४ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याचं कारण एक रानबदक आहे. आयडर नावाचं.

आयडरची मादी अंडी घालते तेव्हा स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते. इतकी हलकी आणि इतकी उबदार पिसं दुसऱ्या पक्ष्याची नसतात. पण मोकळ्या बेटांवर गरुड, कावळे आणि पाणमांजरं अंड्यांवर टपलेली असतात. म्हणून इथल्या बायकांनी कित्येक शतकांपूर्वी या पक्ष्याशी एक व्यवहार ठरवला. दगडांची, वाहून आलेल्या लाकडांची, मोडक्या होड्यांची लहान घरकुलं बांधायची. समुद्रातलं शेवाळ उन्हात वाळवून, हाताने चुरून त्यात गादी घालायची. वसंतात बदकं समुद्रावरून येतात आणि बहुतेकदा गेल्या वर्षीच्याच घरकुलात शिरतात. त्यांच्या येण्यापासून जाण्यापर्यंत त्या बेटावर माहेरवाशीण घरी आल्यागत सगळं चालतं. मोठ्याने बोलायचं नाही. अनोळखी माणूस किनाऱ्यावर उतरवायचा नाही. कुत्रं सोडायचं नाही. रोज तेच कपडे घालून घरकुलांची फेरी मारायची, म्हणजे पक्षी दचकत नाही. साधारण पंचवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि आई त्यांना घेऊन पाण्यात उतरते. त्यानंतरच पिसं गोळा करायची. एका किलोला साठ-सत्तर घरटी लागतात, आणि एका रजईला साधारण एक किलो.

वारसा-केंद्रात एका उतारवयाच्या बाईंनी मला पिसं साफ करायचं साधन दाखवलं. लाकडी चौकटीवर ताणलेल्या तारा, त्यावर पिसांचा पुंजका ठेवायचा आणि काडीने तारा छेडत राहायचं. शेवाळाचे तुकडे, कवच, माती खाली पडतात, पिसं एकमेकांना धरून वर राहतात. एका रजईपुरतं काम करायला कित्येक दिवस जातात. बाईंनी माझ्या ओंजळीत एक पुंजका ठेवला. वजन जाणवलंच नाही. थोड्या वेळाने तळव्यांना ऊब जाणवू लागली, ती जाणवेपर्यंत ओंजळ रिकामी आहे असंच वाटत होतं. बाईंचं बालपण बाहेरच्या एका बेटावर गेलं होतं. पुरुष मासेमारीला महिनोन् महिने दूर असायचे, त्या काळात घर, गाय, बटाट्याचं शेत आणि पक्षी सगळं बायकांकडे. पुढे सरकारने लांबच्या बेटांवरच्या कुटुंबांना वस्ती हलवण्यासाठी मदत दिली आणि बेटं रिकामी झाली. माणसं गेली तसे पक्षीही कमी झाले, कारण राखणच उरली नाही. आता काही कुटुंबं फक्त पक्ष्यांच्या मोसमात जुन्या घरी परत जातात. ‘‘माझी सून जाते,’’ बाई म्हणाल्या, ‘‘शाळेत शिकवते, सुटी घेऊन जाते. मी तिला शेवाळ कसं वाळवायचं ते शिकवलं.’’ युनेस्कोच्या निवेदनात बायकांनी केलेल्या या कामाचा वेगळा उल्लेख आहे. तो उल्लेख बाईंनी मला स्वतः वाचून दाखवला आणि कागद घडी करून परत फाइलमध्ये ठेवला.

वेगाहून परत होर्न, तिथून अँडाल्सवोग, मग थोडा रस्ता आणि फोरविकची जेट्टी. फोरविकला जुन्या व्यापारी पेढीत कॉफी भाजतात. बोट यायच्या आधी ती प्यायला वेळ मिळतो. पुढची बोट जवळजवळ तासाची आहे आणि ती ट्योट्टा बेटावर सोडते.

ट्योट्टाबद्दल मी आधी वाचलं होतं, तरी तिथे पोचल्यावर काय वाटेल याची मनाला तयारी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जवळपास एक लाख सोव्हिएत युद्धकैदी नॉर्वेत आणले. उत्तरेकडची रेल्वे आणि रस्ते त्यांच्याकडून बांधून घेतले. भुकेने, थंडीने, मारहाणीने हजारो मेले. २७ नोव्हेंबर १९४४ ला ‘रिगेल’ नावाचं जहाज असेच कैदी घेऊन या किनाऱ्याने दक्षिणेला निघालं होतं. ब्रिटिश विमानांना ते सैन्य वाहणारं जहाज वाटलं. बॉम्ब पडले. कैदी खालच्या कोठारात कोंडलेले होते. अडीच हजारांहून अधिक माणसं गेली, वाचली ती तीनशेच्या आत. जहाज जवळच्या बेटावर चढलं आणि १९६९ पर्यंत ते अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर तसंच पडून होतं. मग ते मोडलं आणि आत सापडलेली हाडं ट्योट्टाला आणून पुरली.

आज तिथे दोन दफनभूमी आहेत. एकीत ‘रिगेल’वरचे लोक, आणि शेजारीच सोव्हिएत सैनिकांची, जिथे १९५० च्या दशकात उत्तर नॉर्वेतल्या ठिकठिकाणच्या कबरी उकरून साडेसात हजारांवर मृतांचे अवशेष आणले गेले. शीतयुद्ध सुरू झालं होतं. कबरींना भेट द्यायच्या निमित्ताने हेर फिरतील, अशी सरकारला भीती होती. म्हणून अनेक गावांनी आपापल्या परीने जपलेल्या कबरी एका बेटावर गोळा झाल्या. बहुतेकांची नावं त्या वेळी हरवली. पुढे संशोधकांनी जुनी कागदपत्रं तपासून एकेक नाव शोधायचं काम हाती घेतलं, आणि आता तिथे नावांच्या पाट्या आहेत. गवत कापलेलं होतं, बर्चच्या झाडांना नवी पालवी होती, पलीकडच्या शेतात मेंढ्या चरत होत्या. मी नावं वाचत फिरले. सिरिलिक लिपीतून त्यांचं रोमन लिपीत रूपांतर केलं होतं. इवान, पावेल, निकोलाय. जन्मसाल बघत गेले तर बरीच मुलं वीस-बावीसची. बोटीच्या प्रेमाने निघालेल्या मला त्या बोटीची गोष्ट तिथे भेटली, जिच्यात माणसं कोंडून नेली होती. तिथून निघताना कॉफी, वॉफल, वेळापत्रक यांतलं काही बराच वेळ सुचलं नाही.

अल्स्टाहाउगला मात्र थांबले, कारण ते रस्त्यावरच होतं. पेटर दास (१६४७–१७०७) नावाचा कवी इथल्या चर्चचा धर्मोपदेशक होता. त्याने उत्तरेकडच्या कोळ्यांचं, शेतकऱ्यांचं, वादळांचं आणि माशांचं वर्णन करणारं दीर्घकाव्य लिहिलं, ते लोकांच्या तोंडी बसलं. तो गेल्यावर कित्येक वर्षं इथल्या होड्यांच्या शिडांवर काळ्या कापडाचा तुकडा शिवत, असं सांगतात. स्वतःच्या कवीचं सुतक शिडावर धरणारा किनारा मला फार जवळचा वाटला.

सांडनेसशोएनच्या पाठीशी ‘सात बहिणी’ नावाची शिखरांची रांग आहे. ती दिवसभर ढगात होती. तिथला मोठा पूल १९९१ मध्ये बांधला, एक किलोमीटरहून थोडा लांब. त्याआधी तिथेही बोटच होती. पुढे लेवांगहून नेसना. नेसना अगदी लहान, पण तिथे १९१८ पासून शिक्षक घडवणारं कॉलेज आहे. २०१९ मध्ये विद्यापीठाने ते बंद करायचं ठरवलं. विद्यार्थी कमी, खर्च जास्त, हा हिशेब आपल्याकडेही नेहमी ऐकू येतो. गाव भांडलं, आजूबाजूच्या नगरपालिका भांडल्या, आणि २०२१ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने तिथलं शिक्षण पुन्हा सुरू करायला पैसे दिले. लहान शाळांना शिक्षक मिळायचे तर ते इथेच घडले पाहिजेत, शहरात शिकलेला परत येत नाही, हा गावकऱ्यांचा मुद्दा होता. मला तो पटतो.

शिलबोगहाम्नहून येक्तविकला जाणारी बोट उत्तर ध्रुववृत्त ओलांडते. सुमारे तासाभराचा प्रवास. डावीकडे बेटं, उजवीकडे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, माथ्यावर बर्फ. एका ठिकाणी कप्तानाने सूचना दिली आणि काठावर पृथ्वीगोलाच्या आकाराचं एक धातूचं स्मारक दिसलं. सगळे प्रवासी डेकवर आले. हे वृत्त खरं म्हणजे स्थिर नाही. पृथ्वीच्या आसाचा कल हळूहळू कमी होतो आहे, म्हणून ते दरवर्षी साधारण चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं. स्मारक जागच्या जागी राहतं. त्या रात्री मी एका कॅम्पिंगच्या जागेत लाकडी खोपटात उतरले. मध्यरात्री सूर्य उत्तरेच्या बाजूला पाण्यावर होता आणि शेजारच्या शेतात एक बाई गवत कापत होती, कारण उद्या पाऊस येणार होता.

शेवटची बोट ओगस्कार्डेट ते फोरॉय, दहा मिनिटांची. रांगेत माझ्या मागे घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी एक परिचारिका होती. मी तिला उत्साहाने सांगितलं की या बोटी मला किती आवडल्या, आमच्याकडच्या कशा बंद पडल्या, इथे त्या चालू आहेत याचं मला किती कौतुक वाटतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘तुम्हाला दिवसा आवडतात. रात्री शेवटची बोट गेल्यावर छातीत दुखायला लागलं तर काय होतं, ते आम्हाला माहीत आहे.’’ तिला पूल हवा होता, नाहीतर बोगदा. लगेच पुढे म्हणाली, ‘‘पण पूल होईल म्हणून आज बोट कमी करतो, असं कोणी म्हटलं तर मी आधी रस्त्यावर उतरेन.’’ वेळापत्रकातली एखादी फेरी कमी झाली तर कोणाची नोकरी जाते, कोणाचं दुकान बंद होतं, हे ती नावानिशी सांगू शकत होती. माझं बोटीवरचं प्रेम पाहुणीचं होतं आणि तिचा बोटीवरचा हक्क रहिवाशाचा. त्या दहा मिनिटांत मला बोटींबद्दल जे कळलं, ते आधीच्या सगळ्या बोटींवर कळलं नव्हतं. गाव टिकायचं तर बोट असो वा पूल, ती वाट दर दिवशी, दर ऋतूत उघडी राहिली पाहिजे आणि तिचा खर्च कोणीतरी न कुरकुरता उचलला पाहिजे.

फोरॉयच्या पुढे स्वार्टिसेन हिमनदी आहे, नॉर्वेच्या मुख्य भूमीवरची दुसऱ्या क्रमांकाची. तिची एंगाब्रेन ही जीभ डोंगरातून खाली उतरते. अठराव्या शतकात ती इतकी पुढे आली होती की खालची शेतीवाडी तिने गिळली. आता ती उलट मागे हटते आहे. लहान होडीने फ्योर्ड ओलांडून मी तिच्या दिशेने चालत गेले, तेव्हा नुकताच उघडा पडलेला कातळ लांबवर पसरलेला होता, त्यावर अजून शेवाळही धरलेलं नव्हतं. निळा बर्फ वर, पोचण्यापलीकडे. होडी चालवणारा मुलगा म्हणाला की त्याच्या आजोबांच्या काळातले फोटो घरी आहेत, त्यांत बर्फ पार खाली तळ्यापाशी आहे. त्याच हिमनदीच्या पोटात, जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यांत, शास्त्रज्ञांची एक प्रयोगशाळा आहे. बर्फ तळाशी कसा सरकतो, याची मोजणी तिथे खालून होते.

मग सात किलोमीटरहून लांब बोगदा, आणि साल्टस्ट्राउमेन. दीडशे मीटर रुंदीच्या चिंचोळ्या वाटेतून दर सहा तासांनी चाळीस कोटी घनमीटर पाणी भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर जातं. पुलावरून पाहिलं तर खाली भोवरे फिरत होते, घागर बुडेल एवढे आणि होडी बुडेल एवढेही. काठावर लोक गळ टाकून बसले होते. या प्रवाहाबरोबर येणाऱ्या लहान जीवांमागे मोठे मासे येतात. इथल्या एका उपाहारगृहात मी तपकिरी चीजची गोड आमटी भरलेली मऊ पोळी खाल्ली, या भागाचा जुना पदार्थ, आणि आणखी एक मागवली.

बोडो २७ मे १९४० ला बॉम्बहल्ल्यात जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं, त्यामुळे जुनं फारसं काही दिसत नाही. सतरा नंबरचा रस्ता संपला. बंदरावर किनाऱ्याने जाणारी मोठी बोट लागली होती. १८९३ मध्ये रिकार्ड वीथ नावाच्या कप्तानाने ही फेरी सुरू केली. हिवाळ्याच्या काळोखात या खडकांतून वेळापत्रकाने जहाज चालवता येणार नाही, असंच तेव्हा सगळे म्हणत होते. वीथने दिशा, वेग आणि वेळ यांच्या काटेकोर नोंदी ठेवून ते करून दाखवलं. आता ही बोट बेर्गेनपासून कीर्केनेसपर्यंत चौतीस बंदरं घेते. मी पाहिलेली ब्रॉनॉयसुंड, सांडनेसशोएन, नेसना ही त्यांतलीच. पर्यटकांच्या सुटकेसांबरोबर कोणाचा फ्रीज, कोणाच्या सायकली, दुकानाच्या मालाची खोकी उतरत होती. धक्क्यावरच्या खलाशाला मी विचारलं, जानेवारीत किती दिवस बंद असते? आमच्याकडे पावसाळ्यात बंद असायची, म्हणून तो प्रश्न मनात होता. त्याला प्रश्न नीट कळला नाही. पुन्हा विचारला, तेव्हा म्हणाला, ‘‘वादळ असेल तर एखादं बंदर सोडतो, पुढच्या वेळी घेतो. बंद कशाला ठेवायची? लोक तर इथेच राहतात ना!’’